आधीच दिलेलं मत

१

चित्रा सबनीस दुपारी साडेबारा वाजता मत द्यायला गेली, तेव्हा तिचं मत आधीच कुणीतरी देऊन गेलं होतं.

एनिस गावातली ती शाळा तिच्या घरापासून चालत सात मिनिटांवर. ऑक्टोबर अखेरचा शुक्रवार, राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचा दिवस. आयर्लंडचं नागरिकत्व मिळून चित्राला दोन वर्षं झाली होती आणि या देशाच्या राष्ट्राध्यक्षासाठी ती पहिल्यांदाच मत देणार होती. टेबलामागच्या बाईंनी तिचा पासपोर्ट पाहिला, यादीवरून प्लास्टिकची पट्टी खाली सरकवली आणि त्यांचा हात थांबला. चित्राच्या नावावर पेनाने सरळ रेघ मारलेली होती.

"डॉक्टर, तुमचं मत होऊन गेलंय," बाई हळू आवाजात म्हणाल्या.

केंद्रावरचे मुख्य अधिकारी, हेहिर नावाचे गृहस्थ, उठून आले. वरच्या ऑफिसला विचारतो, तोवर बसा, असं त्यांनी अगदी नम्रपणे सांगितलं. पण मागे सात-आठ माणसांची रांग होती. तिच्यातून कुणीतरी सगळ्यांना ऐकू जाईल असं "दोनदा" म्हणालं. गेले आठ आठवडे चित्रा पावसात दारोदार जाऊन डावीकडच्या उमेदवाराचा प्रचार करत होती. तोंडावर दार आपटून घेण्याची तिला सवय झाली होती. तरी तो एक शब्द तिला सहन झाला नाही. ती थांबली नाही, वळली आणि बाहेर पडली. फाटकाशी एका माणसाने मोबाईल वर धरला होता.

एक वाजेपर्यंत एकोणीस सेकंदांचा तो व्हिडिओ गावाच्या फेसबुक ग्रुपवर फिरू लागला. खाली लिहिलं होतं, 'परदेशी डॉक्टरीण. सकाळी मत देऊन गेली, दुपारी परत आली.' त्याखालचं लिखाण वाचवत नव्हतं. या उन्हाळ्यात गावातल्या दोन केरळी नर्सच्या गाडीवर अंडी फेकली गेली होती, आणि बसमध्ये चित्राला स्वतःला एकाने तुझ्या देशात परत जा म्हणून सांगितलं होतं. तेव्हा निदान तिने काही केलेलं नाही हे सगळ्यांना माहीत होतं. आता तसं राहिलं नव्हतं. हॉस्पिटलच्या मॅनेजरने फोन करून, दुपारची ओपीडी आम्ही बघून घेतो, असं गोड शब्दांत कळवलं. मग हेहिरसाहेबांचा फोन आला. नोंद करणं भाग आहे, आणि संध्याकाळी सात वाजता गार्डा, म्हणजे इथले पोलिस, जबाब घ्यायला घरी येतील.

त्यानंतर चित्राने आपल्या मैत्रिणीला, उल्काला फोन लावला.

"सात वाजता पोलिस येतायत," ती म्हणाली. "मी सांगणार आहे, सकाळी मीच येऊन मत दिलं होतं, कामाच्या गडबडीत विसरले. तू फक्त येऊन माझ्याजवळ बस."

उल्काने विचारलं, "दिलं होतंस?"

"नाही."

२

उल्का दिवेकर शॅननच्या एका कारखान्यात कामाला होती. हृदयाच्या शस्त्रक्रियेत लागणाऱ्या बारीक नळ्या तिथे बनत. त्यातली एखादी सदोष निघाली, की ती सदोष का झाली हे शोधून काढणं, एवढंच उल्काचं काम. चौदा वर्षं तिने तेच केलं होतं आणि त्यातून तिला एक गोष्ट पक्की कळली होती. कुणी केलं हे आधी विचारलं, की माणसं अंग चोरतात. काय झालं हे विचारलं, की बोलतात.

तिला स्वतःला मत नव्हतं. नागरिकत्वाचा अर्ज अजून अडकून होता. तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि अडीचपर्यंत ती चित्राच्या स्वयंपाकघरात होती. चित्राने कोट काढला नव्हता. कॉलरवर प्रचाराचा बिल्ला तसाच होता.

हळूहळू सगळं बाहेर आलं. सबनीसांच्या घरात ही निवडणूक दोन महिने जेवायला बसत होती. गिरीश, चित्राचा नवरा, औषधांच्या कारखान्यात इंजिनिअर. तो उजवीकडच्या उमेदवाराच्या बाजूचा. अमेरिकन कंपन्या दुखावल्या तर आपल्या नोकऱ्या जातील, आणि मुळात राष्ट्राध्यक्षाच्या हातात असतं काय, हे त्याचं म्हणणं. चित्राचं म्हणणं, हा देश युद्धापासून लांब राहिला पाहिजे, आणि माझ्या वॉर्डातल्या नर्सना भाड्याने खोली मिळत नाही, हे मोठ्याने म्हणणारं कुणीतरी त्या खुर्चीत हवं. वाद तिथवर असता तर चाललं असतं. पण अंडी फेकल्याची बातमी आली, आणि गिरीशचं म्हणणं बदललं. तू बिल्ला लावून लोकांच्या दारात जाऊ नकोस, आपण नजरेत येतो, असं तो म्हणू लागला. चित्रा जात राहिली. मागच्या रविवारी तो भडकला. तुझं एक आणि माझं एक, शेवटी शून्यच, असं म्हणून पुढे बोलून गेला, "त्यापेक्षा तुझं मत मीच देऊन टाकतो."

"आणि त्याने दिलं," चित्रा म्हणाली.

तिचं पोलिंग कार्ड, म्हणजे मतदाराला पोस्टाने घरी येणारं कार्ड, आठवडाभर किटलीमागे होतं. आज सकाळी ते तिथे नव्हतं. म्हणून ती पासपोर्ट घेऊन गेली. शिवाय साक्षीदारही होती. हॉस्पिटलमधली ज्युनियर डॉक्टर अस्मिता तिला कामावरून गाडीने शाळेत घेऊन गेली होती. चित्रा बाहेर पळाली तेव्हा अस्मिता अजून दारात होती आणि टेबलावरच्या बाई शेजारणीला काय म्हणाल्या ते तिने ऐकलं होतं. गाडीत बसल्यावर तिने ते चित्राला सांगितलं. तुमचा नवरा सकाळीच ते कार्ड घेऊन आला होता, असं त्या म्हणाल्या.

गिरीशचे अकरा फोन येऊन गेले होते. चित्राने एकही घेतला नव्हता.

"दुसऱ्याच्या नावावर मत देणं गुन्हा आहे इथे," ती म्हणाली. "त्याची नोकरी जाईल, तो तुरुंगात जाईल. मी विसरले म्हणाले तर मेडिकल कौन्सिल फार तर चौकशी करेल."

उल्काला माहीत होतं की ते 'फार तर' खरं नाही. खोटा जबाब देणाऱ्या डॉक्टरला कौन्सिल सोडत नसतं. घड्याळात तीन वाजायला आले होते.

३

अस्मिता हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत राहायची. नागपूरहून येऊन तिला तीनच महिने झाले होते. रडून तिचे डोळे सुजले होते. आपण ते सांगायलाच नको होतं, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

उल्काने तिला चहा करायला लावला आणि मग विचारलं, "त्या बाई नेमकं काय म्हणाल्या? मराठीत नको. त्यांच्या शब्दांत सांग."

अस्मिताने डोळे मिटून आठवलं. "'युअर मॅन वॉज इन विथ दॅट कार्ड फर्स्ट थिंग.' असंच म्हणाल्या, ताई. युअर मॅन. म्हणजे नवराच ना?"

उल्काने कप खाली ठेवला. पहिल्या वर्षी तीही असंच समजायची. कारखान्यातली मंडळी सारखी 'युअर मॅन'बद्दल बोलायची आणि हिला वाटायचं, माझ्या कुठल्या माणसाबद्दल बोलतायत हे? इथल्या बोलीत त्या शब्दांचा नवऱ्याशी काही संबंध नाही. तो अमका, तो कोण तो माणूस, एवढाच त्याचा अर्थ. बाई आपल्या शेजारणीला सांगत होत्या, की सकाळी कुणी एक माणूस ते कार्ड घेऊन आला होता.

चित्रा दहा वर्षं इथे होती, तिला हे लगेच कळलं असतं. पण तिने ते शब्द ऐकलेच नव्हते. तिने ऐकलं होतं अस्मिताचं मराठी.

उल्काने तिथूनच चित्राला फोन करून बाईंचे मूळ शब्द सांगितले. 

"नवरा नाही म्हणाल्या त्या?" चित्राने विचारलं.

"माणूस म्हणाल्या. पुरुष. एवढंच."

उल्काला बरं वाटायला हवं होतं. पण गाडीत बसताना तिच्या मनात आलं, एका बाईच्या नावाच्या कार्डावर एक पुरुष मत देऊन गेला आणि कुणाला काही खटकलं कसं नाही?

४

सबनीसांच्या शेजारी डेक्लन राहायचा. साठीचा, उंच, उजवीकडच्या पक्षाचा गावातला खंदा कार्यकर्ता. त्याच्या कुंपणावर त्याच्या उमेदवाराचं पोस्टर होतं. प्रचाराच्या दिवसांत तो आणि चित्रा कितीदा एकाच रस्त्यावर समोरासमोर यायचे, आणि एकदा तो हसत म्हणाला होता, की डॉक्टर, तुमचं मत मला चोरावंच लागणार बहुतेक.

उल्का सबनीसांच्या फाटकात शिरली तेव्हा तो पानं झाडत होता. त्यानेच विषय काढला. व्हिडिओ खाली घ्या म्हणून त्याने ग्रुपवर स्वतःच्या नावाने लिहिलं होतं, आणि वीस मिनिटांत त्याला लोक गद्दार म्हणू लागले होते. त्यातल्या काहींना त्यांच्या लहानपणी त्याने हर्लिंगचा, इथल्या काठी-चेंडूचा, खेळ शिकवला होता, हे सांगताना तो खाली पानांकडे बघत होता.

उल्काने त्याला मनातल्या संशयितांच्या यादीतून तिथेच काढून टाकलं. एकतर गावातलं शेंबडं पोरही डेक्लनला ओळखायचं. तो सबनीस म्हणून त्या टेबलापुढे उभा राहिला असता तर सगळा हॉल हसला असता. आणि दुसरं, पोरांचं सांगताना पडलेला त्याचा चेहरा.

जाताना तो सहज बोलून गेला. सकाळी आठला तो स्वतः मत द्यायला गेला, तेव्हा डॉक्टरांचे वडील शाळेपाशी दिसले. लोकरीची टोपी घालून, हातात कागद घेऊन.

चित्राचे वडील, गुरुनाथ मास्तर, चिपळूणचे निवृत्त मुख्याध्यापक. दोन महिन्यांसाठी लेकीकडे आले होते. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या माणसाचं नाव अशा प्रकरणात आलं तर काय होईल, हा विचार उल्काच्या मनात त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत येत राहिला.

मास्तर खिडकीशी बसून वहीत काही लिहीत होते. तिला पाहून त्यांनी वही मिटली.

"काका, सकाळी शाळेपाशी गेला होतात?"

हो, गेलो होतो, असं त्यांनी सरळ सांगितलं. तीस वर्षं त्यांनी निवडणुकीच्या ड्यूट्या केल्या होत्या. शाई, पेट्या, सील, सगळं स्वतःच्या हातांनी. इथली माणसं हे कसं करतात ते त्यांना बघायचं होतं. आत जायला परवानगी नाही हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून ते फाटकाबाहेर अर्धा तास उभे राहिले. गिरीशराव घाईने आत गेले आणि बाहेर आले, त्यांनी हातही केला. इथे बोटाला शाई लावत नाहीत, याचं मास्तरांना फार नवल वाटलं होतं.

"आणि चित्राचं पोलिंग कार्ड? ते तुम्ही घेतलं होतंत का?"

"चित्राचं? नाही," मास्तर म्हणाले. "चित्राच्या कार्डाला मी हात लावलेला नाही."

ते इतक्या ठामपणे म्हणाले की उल्काला पुढे विचारवेना. पण मिटलेल्या वहीवरचा हात त्यांनी उचलला नाही, हे तिने पाहिलं.

५

साडेचारला उल्का शाळेच्या मागच्या दारापाशी गेली. टेबलावरच्या त्या बाई, ब्रीडा, कट्ट्यावर बसून सँडविच खात होत्या. यादीबद्दल एक अक्षर बोलता येणार नाही, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं. यादीचं विचारत नाही, फक्त माणसाचं विचारते, असं उल्का म्हणाली. ब्रीडालाही ते दुपारपासून खात होतंच. डॉक्टरीणबाईंनी तिच्या आईला शेवटच्या दिवसांत फार जपलं होतं.

आठच्या सुमाराचा तो माणूस तिला चांगला आठवत होता. भारतीय, चाळिशीतला, गळ्यात आयकार्डची निळी पट्टी, घाईत. फार सभ्य, अगदी ग्रँड, असं ती म्हणाली. टोपीवाले म्हातारे गृहस्थ बाहेरच होते, ते उंबरा चढले नाहीत.

निळी पट्टी. गिरीशच्या कारखान्याची.

म्हणजे फिरून गाडी तिथेच आली. उल्काने विचारलं, कार्डावरचं नाव बाईचं होतं, ते खटकलं नाही का?

ब्रीडाने सँडविच बाजूला ठेवलं. "बाईचं? ते मला कसं कळणार? मी मोठ्याने वाचलं, नेहमी वाचते तसं. चिट्रा सॅबनिस. आणि तो म्हणाला, हो, मीच."

चूक एकवेळ समजली असती. पण बायकोचं नाव स्वतःच्या कानांनी ऐकून माणूस 'मीच' म्हणतो, ते कशासाठी? रविवारचं त्याचं बोलणं तिला आठवलं. गिरीशच्या घरी तिने शंभर वेळा जेवण केलं होतं. तिच्या आईच्या आजारपणात रात्री दोन वाजता विमानतळावर सोडायला तोच आला होता. आणि तरी त्या क्षणी तिने मानलं, की त्याने हे केलं.

निघता निघता, सवयीने, तिने शेवटचं विचारलं. तो परत आला होता का? दिवसभरात दुसऱ्यांदा?

नाही, ब्रीडा म्हणाली. एकदाच. या टेबलावर सकाळपासून तो एकच भारतीय पुरुष आला. पुन्हा आला असता तर तिने ओळखला असता.

६

परत आली तेव्हा सव्वापाच झाले होते. चित्रा कागदावर जबाबाची वाक्यं लिहून पाठ करत होती. मास्तर चहासाठी स्वयंपाकघरात येऊन बसले होते आणि वही त्यांच्याजवळ टेबलावर होती.

उल्काच्या डोक्यात ब्रीडाचं 'एकदाच' घोळत होतं. कारखान्यात एखादी नळी हिशोबाला लागली नाही, की ती पहिला प्रश्न विचारायची, आत किती आल्या होत्या? या घरात कार्डं किती आली होती? दोन. एक चित्राचं, एक गिरीशचं. दुपारपासून सगळेजण एकाच कार्डामागे धावत होते. दुसरं कुठे होतं, हे तिने कुणालाच विचारलं नव्हतं.

आणि तेव्हा तिला दिसलं. मास्तरांच्या वहीतून जाड पांढऱ्या कागदाचा एक कोपरा बाहेर आला होता.

"काका, हे काय आहे?" तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता कागद ओढला.

पोलिंग कार्ड. चित्राने खुर्ची मागे सारली. "बाबा, तुम्ही..."

"थांब," उल्का म्हणाली. "नाव वाच."

कार्डावर गिरीश सबनीस असं छापलेलं होतं.

मास्तर गोंधळून दोघींकडे बघत होते. लपवायचं त्यांच्या मनातही नव्हतं. कार्डाचा नमुना छान होता, म्हणून काल दुपारी त्यांनी किटलीमागचं एक कार्ड उचलून वहीत उतरवून घेतलं होतं. सकाळी फाटकाशी उभं राहून आणखी टिपणं केली होती. कार्ड वहीत राहून गेलं. "मला सगळ्यांनी चित्राच्या कार्डाचं विचारलं," ते म्हणाले. "हे गिरीशरावांचं आहे. ते तर मत देऊन आले. मला वाटलं, त्यांना आता याची गरज नसेल."

उल्का खुर्चीवर बसली आणि एकेक गोष्ट मोठ्याने मांडत गेली, चित्रासाठी आणि स्वतःसाठीही. काल दुपारनंतर किटलीमागे एकच कार्ड उरलं, ते चित्राचं. सकाळी गिरीश घाईत होता. बायकोने स्वतःचं पर्समध्ये टाकलं असेल, तेव्हा मागे राहिलेलं ते आपलंच, असं समजून त्याने उचललं. टेबलावर त्याने ते दिलं आणि चित्राच्या नावावर रेघ पडली. त्याला तुझं मत चोरायचं असतं, तर त्याने स्वतःचंही दिलं असतं. नवराबायको एकाच यादीत, एकाच टेबलावर. त्या टेबलावर तो दोनदा गेला असता. तो एकदाच गेला. एक माणूस, एक मत. फक्त नाव चुकलं.

"म्हणजे त्याच्या नावावर अजून रेघ नसेल," उल्का म्हणाली. "हे खरं आहे का ते एका मिनिटात कळेल. पण यादी फक्त तोच विचारू शकतो."

चित्राने मान हलवली. तिला ते पटत नव्हतं. "ब्रीडाने माझं नाव वाचलं म्हणालीस. तो हो म्हणाला."

तेवढ्यात दारात किल्ली फिरली.

७

गिरीश लवकर निघून आला होता. व्हिडिओ त्याला कॅन्टीनमध्ये कुणीतरी दाखवला होता. तो आधी चित्राकडे गेला, खांद्याला धरून तिला वरून खालपर्यंत पाहिलं, कुणी हात तर लावला नाही ना, विचारलं. चित्रा ताठ उभी राहिली.

उल्काने त्याला इतकंच विचारलं. सकाळी त्या टेबलावर तुझं नाव काय वाचलं?

गिरीशला आठवेना. काहीतरी वाचलं होतं. "नीट कोण ऐकतं? इथे मी गेरी आहे, जिरीश आहे, ग्रीश आहे. दहा वर्षांत माझं नाव कुणी बरोबर घेतलेलं नाही. कुणी काही वाचलं आणि माझ्याकडे बघितलं, की मी हो म्हणतो. काय झालंय?"

उल्काने कार्ड त्याच्यापुढे ठेवलं. तो वाचत राहिला, आणि त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

सहा वाजता चौघं शाळेत पोचली. कामावरून सुटलेल्यांची रांग होती. चित्राला पाहून ती रांग गप्प झाली. गिरीश टेबलापाशी गेला, पासपोर्ट पुढे केला आणि माझ्या नावावर रेघ आहे का बघा, म्हणाला. हेहिरसाहेबांनी स्वतः पट्टी सरकवली. चित्राच्या ओळीवर रेघ होती. तिच्या खालची ओळ कोरी होती.

"नाही," हेहिर म्हणाले. "तुमचं मत बाकी आहे."

हेहिरांच्या हाताखाली कोऱ्या मतपत्रिकांचा गठ्ठा होता. हो म्हटलं असतं तर त्यातली एक गिरीशच्या हातात आली असती, आणि त्याची बाजू एका मताने वाढली असती. बायकोचं मात्र नाव कायमचं बिघडलं असतं. त्याला हे कळलं, हे उल्काला त्याच्या पाठीवरूनही दिसलं.

"बाकी नाही," तो म्हणाला, आणि रांगेकडे वळून मुद्दाम मोठ्याने बोलला. "सकाळी मी मत दिलं, ते चुकून माझ्या बायकोच्या नावावर. तिचं कार्ड माझ्या हातात आलं. तिने काही केलेलं नाही. तिने आज मतच दिलेलं नाही."

रांगेतल्या एकाने मोबाईल वर केला. गिरीशने तोंड फिरवलं नाही. त्या मोबाईलकडे बघून त्याने तेच पुन्हा सांगितलं, आपलं पूर्ण नाव घेऊन. ब्रीडा उठून उभी राहिली आणि म्हणाली, की नाव मीच वाचलं आणि पुढे काही विचारलं नाही, तेवढी चूक माझी.

त्यानंतर फोन झाले. सातची वेळ ठरलेली गार्डा शाळेतच आली, तरुण मुलगी होती, तिने दोघांचे जबाब तिथेच घेतले. पुढे काही होईल का, हे ती सांगू शकत नव्हती, पण तिच्या मते होऊ नये. पावणेआठला वरून परवानगी आली. शपथेवर सही करून चित्राला मतपत्रिका मिळाली.

ती आत होती तोवर गिरीश आणि उल्का भिंतीशी उभे राहिले. मास्तर हेहिरसाहेबांनी दिलेल्या खुर्चीवर बसून त्यांना खुणांनी काही विचारत होते.

"तुला कधी कळलं, मी चोरलं नाही म्हणून?" गिरीशने विचारलं.

"सव्वापाचला."

"त्याआधी?"

उल्काला खोटं बोलता आलं असतं. "त्याआधी मला वाटत होतं, तूच."

त्याने मान हलवली. राग नव्हता त्यात. "आणि चित्राला?"

"ते तिला विचार."

चित्रा बाहेर आली. घराकडे चालताना मास्तर आणि उल्का चार पावलं मागे होते, पण रस्ता शांत होता आणि सगळं ऐकू येत होतं. गिरीशने विचारलं, दुपारी एकदा फोन घेऊन मला विचारलं का नाहीस?

"तू हो म्हणाला असतास तर?" चित्रा म्हणाली. "मग मला तुझ्याबरोबर राहता आलं नसतं. त्यापेक्षा पोलिसांशी खोटं बोलणं सोपं होतं. मी सांगणार होते, सकाळी मीच मत दिलं म्हणून. तू वाचला असतास."

"म्हणजे तुझी खात्री होती."

"हो."

दुसऱ्या दिवशी निकाल लागला. डावीकडची उमेदवार एवढ्या मोठ्या फरकाने निवडून आली की सबनीसांच्या दोन मतांचं काय झालं, याने कुणाला काही फरक पडला नसता. गिरीशचा शाळेतला व्हिडिओ कुणीतरी ग्रुपवर टाकला, तो पाचपन्नास जणांनी पाहिला. पहिला हजारोंनी पाहिला होता.

पण ते सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी घराशी पोचल्यावर गिरीश आत गेला नाही. गाडीचं दार उघडून तो सीटवर बसला आणि तसाच बसून राहिला. चित्रा मास्तरांना घेऊन आत गेली. उल्काने आपली गाडी सुरू केली, पण तिला लगेच निघवेना. थोड्या वेळाने घराचं दार उघडलं. चित्रा बाहेर आली. कोट नव्हता अंगात, थंडी होती. ती गाडीच्या दुसऱ्या बाजूला गेली, काचेवर वाजवलं नाही, नुसती उभी राहिली.

बराच वेळ गेला. मग गिरीशने हात लांबवून आतून दाराचा खटका उघडला.

चित्रा आत बसली. गाडीतला दिवा क्षणभर लागला आणि विझला. दोघंही समोर बघत होते, बोलत होते की नाही ते कळत नव्हतं. उल्काने गिअर टाकला आणि ती हळूच तिथून निघाली.